ॲबिसिनियन गिनीपिग: भोवरे, स्वभाव आणि वीण

ॲबिसिनियन गिनीपिग बघायला गेलात तर लगेच उचलून घेऊ नका. आधी उभ्याने, वरून पाहा. समोरून किंवा बाजूने विस्कटलेल्या केसांचा एक गोळा दिसतो, बस. वरून पाहिलं की त्या केसांतली शिस्त दिसू लागते. मानेपासून मागपर्यंत कण्यावरून गेलेली ताठ केसांची उभी कड, तिला छेदणाऱ्या आडव्या कडा, आणि कडांच्या मधल्या प्रत्येक जागेत एक भोवरा. माणसाच्या डोक्यावर मागे असतो तसाच भोवरा, फक्त इथे तो सगळ्या अंगावर आहे.

ही जात सांभाळताना मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट अशी, की या केसांवरून आपण तिच्या प्रेमात पडतो आणि याच केसांमुळे तिचं आजारपण, तिचा राग, तिचं गाभण असणंही आपल्या नजरेतून सुटतं. त्यामुळे या लेखात मी केसांकडे पुन्हा पुन्हा येणार आहे.

नावाचा घोळ आधी मिटवू. ॲबिसिनिया हे इथिओपियाचं जुनं नाव, पण या गिनीपिगचा त्या देशाशी संबंध नाही. सगळे पाळीव गिनीपिग मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीतले. तिथल्या लोकांनी ते हजारो वर्षांपूर्वी माणसाळवले आणि सोळाव्या शतकात ते युरोपात पोचले. भोवऱ्यांची ही जात एकोणिसाव्या शतकातच इंग्लंडमधल्या हौशी पाळणाऱ्यांकडे होती.

पहिली पायरी: भोवरे मोजा

चांगल्या ॲबिसिनियनच्या अंगावर किमान आठ भोवरे हवेत. त्यांतले चार धडाच्या मध्यावर, पट्टा बांधावा तसे एका ओळीत, कण्याच्या डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन. दोन कमरेवर, आणि दोन त्याच्याही मागे, पार्श्वभागावर. खांद्यांवर एकेक आणि नाकावर एक असेल तर फारच छान, पण मोजणी त्या आठांपासून सुरू होते. प्रत्येक भोवऱ्यावर बोट टेकवून मोजा. नुसत्या नजरेने मोजलेले भोवरे पहिल्या दहा वेळा तरी चुकतात.

मोजून झालं की प्रत्येकाचा मध्य पाहा. तो टाचणीच्या टोकाएवढा बारीक असावा आणि केस त्यातून चारी बाजूंना सारखे फाकलेले असावेत. मध्य लांबट, चिरल्यासारखा असेल किंवा फुंकर न घालताही कातडीचा मोठा गोल दिसत असेल तर तो दोष. एका जागी दोन भोवरे चिकटून आले असतील तर तोही दोषच. नवख्या माणसाला वाटतं, दहाच्या जागी बारा भोवरे, म्हणजे प्राणी अधिक चांगला. तसं नसतं, आणि का ते कडा कशा तयार होतात हे कळलं की लक्षात येतं.

एका भोवऱ्यातून बाहेर फाकलेले केस शेजारच्या भोवऱ्याच्या केसांना भिडतात. दोन्हीकडचे केस एकमेकांना रेटून उभे राहतात आणि कड तयार होते. म्हणजे भोवरे आपापल्या जागी असतील तरच कडा सरळ. एक भोवरा चुकीच्या जागी आला, की कण्यावरची कड नागमोडी होते. एक कमी असला, की त्या जागचे केस आडवे पडून राहतात. उत्तम प्राण्यात कण्यावरची उभी कड, मानेभोवतीची कड, आणि धड, कंबर व पार्श्वभाग यांच्यामधल्या आडव्या कडा वेगवेगळ्या ओळखता येतात. तोंडावरही केस दाट असतात, गालांवर कल्ल्यांसारखे आणि नाकाच्या बाजूंना मिशांसारखे फुललेले.

केसांची लांबी साधारण साडेतीन ते चार सेंटिमीटर. त्याहून लांब असतील तर कड उभी राहत नाही, स्वतःच्या वजनाने झुकते. पोत खरखरीत, जाडसर. तळहाताने कड हलकेच दाबून सोडा, ती पुन्हा उभी राहिली पाहिजे. नरांचे केस माद्यांपेक्षा बहुधा अधिक कडक असतात, तेव्हा मादी हाताला थोडी मऊ लागली म्हणून तिला लगेच बाद करू नका.

गोंधळ होतो तो तीन जातींशी. डोक्यावर एकच भोवरा आणि बाकी अंग गुळगुळीत असेल तर तो क्रेस्टेड. केस जमिनीपर्यंत लांब आणि भोवरे कमरेपाशीच असतील तर पेरूवियन. सगळे केस आखूड, उभे आणि कुरळट पण भोवरा कुठेच नाही, तो रेक्स किंवा टेडी. तीन-चार भोवरे इकडेतिकडे असलेला गिनीपिग संकरित असतो. घरात सोबत म्हणून तो तसूभरही कमी नाही, फक्त त्याला ॲबिसिनियन म्हणून कुणी देत असेल तर तुम्हाला फरक माहीत असावा.

दुसरी पायरी: केस बाजूला सारून प्राणी पाहा

आता उचला. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि अंग आपल्या छातीशी टेकलेलं. डोळे कोरडे व चमकदार हवेत, नाकाला शेंबूड नको, श्वासाला घरघर नको, शेपटीच्या जागेखालचा भाग स्वच्छ हवा. पुढचे दात एकमेकांवर नीट बसलेले हवेत, कारण गिनीपिगचे वीसच्या वीस दात आयुष्यभर वाढत राहतात आणि चावून चावूनच झिजतात. वाकडे दात म्हणजे पुढे उपासमार. पुढच्या पायांना चार आणि मागच्यांना तीन बोटं असतात. तळवे सुजलेले, लाल नाहीत ना तेही बघा.

मग नर की मादी. इथे मी फसलेलो आहे. दोन बहिणी म्हणून मिळालेल्या जोडीतली एक बहीण दोन महिन्यांनी भाऊ निघाली, आणि तोवर व्हायचं ते झालं होतं. देणाऱ्याने मुद्दाम फसवलं नसेल, पण भोवऱ्यांच्या दाट केसांखाली पिल्लाचं लिंग ओळखायला सराव लागतो. जननेंद्रियाच्या किंचित वर, पोटाकडच्या बाजूला अंगठ्याने हलका दाब दिला की नराचं इंद्रिय बाहेर येतं. स्वतःवर भरवसा नसेल तर पहिल्याच आठवड्यात प्राण्यांच्या डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या.

आणि एकटा आणू नका. गिनीपिग कळपाने राहणारा प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून कायद्यानेच गिनीपिग एकटा ठेवायला मनाई आहे, आणि मला तो नियम अगदी रास्त वाटतो. दोन माद्या, किंवा खच्ची केलेला एक नर आणि एक-दोन माद्या अशी घडी बहुधा चांगली बसते. दोन नरही लहानपणापासून एकत्र असतील तर राहतात, पण त्यांना जागा भरपूर लागते. दोघांसाठी किमान साडेसात-आठ चौरस फुटांची सपाट जमीन धरा. नर असतील तर त्याहून जास्त.

तिसरी पायरी: स्वभाव समजून घ्या

गुळगुळीत केसांच्या गिनीपिगांच्या तुलनेत ॲबिसिनियन अधिक चळवळे आणि धीट म्हणून ओळखले जातात. माझा अनुभवही तोच. नवीन खोका ठेवला की बाकीचे कोपऱ्यात दबा धरतात, तेव्हा ॲबिसिनियन मान लांब करून त्याचा वास घ्यायला निघालेला असतो. अन्नाच्या पिशवीचा आवाज ओळखायला त्याला आठवडाही पुरतो, आणि मग त्या आवाजाला तो शिट्टी मारून उत्तर देतो. आनंद झाला की जागच्या जागी उसळ्या मारतो, लाह्या फुटाव्यात तसा.

धीट असला तरी तो शेवटी शिकार होणाऱ्या प्राण्यांपैकी आहे. वरून झडप घालून उचलणारा हात त्याला ससाण्यासारखा वाटतो. पहिले तीन-चार दिवस त्याला पिंजऱ्यात स्थिरावू द्या. मग जमिनीवर बसून हातातून पालेभाजीची काडी द्या. तो हातावर पुढचे पाय टेकवायला लागला की उचलण्याची सवय लावा. घाई केलीत तर हीच धिटाई पळून जाण्यात आणि निसटण्यात वापरली जाते. उंचावरून पडलेल्या गिनीपिगला जबर इजा होते, म्हणून लहान मुलांनी जमिनीवर बसूनच मांडीवर घ्यावं.

या जातीपुरती एक गोष्ट इथे सांगायला हवी. साधा गिनीपिग चिडला की मानेवरचे केस फुलवतो आणि दुसऱ्याला दिलेला तो इशारा आपल्यालाही दिसतो. ॲबिसिनियनचे केस मुळातच उभे. त्यामुळे राग डोळ्यांनी कळत नाही, कानांनी ओळखावा लागतो. दात कटकट वाजवण्याचा आवाज आला, की भांडण दोन पावलांवर आहे असं समजा आणि दोघांच्या मध्ये हात न घालता पुठ्ठा किंवा टॉवेल सरकवा. कंबर डोलवत, खोल घुमणारा आवाज काढत दुसऱ्याभोवती फिरणं वेगळं. तो रुबाब असतो, किंवा मादी माजावर आलेली असते.

चौथी पायरी: आठवड्यातून एकदा वजन आणि भोवरे

आजारी गिनीपिग अंग फुलवून, केस पिंजारून बसतो. साध्या केसांच्या प्राण्यात हे लगेच डोळ्यांत भरतं. आपला ॲबिसिनियन रोजच पिंजारलेला. त्यामुळे या जातीत वजनकाटा हाच खरा डोळा. दर आठवड्याला ठरावीक वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. प्रौढ प्राणी साधारण ७०० ते १२०० ग्रॅमचा, नर मादीपेक्षा भारी. एका आठवड्यात ५० ग्रॅम घटले तर रोज वजन करा. १०० ग्रॅमच्या आसपास घटले, किंवा प्राण्याने खाणं सोडलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गिनीपिगचं पोट बारा तासही रिकामं राहिलं तर अवघड होतं.

वजन झालं की प्रत्येक भोवऱ्याच्या मध्यावर फुंकर घाला. केस फाकतात आणि कातडी दिसते. भोवरे तपासणीसाठी आयत्या खिडक्याच आहेत. कोंडा, लाली, खपल्या, हलणारे बारीक किडे दिसले तर खरजेचे किडे किंवा उवा असू शकतात. खरजेच्या किड्यांची खाज इतकी भयंकर असते की त्यात प्राण्याला झटके येतात. औषध वजनाप्रमाणे डॉक्टरांनीच द्यावं. घरातली प्रतिजैविकं तर कधीच देऊ नका: पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिल्यास गिनीपिगच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात आणि त्यात तो दगावू शकतो.

विंचरणं फारसं लागत नाही. आठवड्यातून एकदा मऊ ब्रश, केस ज्या दिशेला फाकतात त्याच दिशेने, मध्याकडून बाहेर. उलटा फिरवलात तर त्याला आवडणार नाही आणि तो पुढच्या वेळी ब्रश पाहूनच लपेल. कडांच्या बेचक्यात गवताच्या काड्या आणि कुसं अडकतात, ती बोटांनी काढा. आंघोळ शक्यतो नकोच. नराच्या पार्श्वभागावर तेलकट ग्रंथी असते, तिथले केस चिकट झाले तर तेवढाच भाग कोमट पाण्याने पुसून कोरडा करा.

खाण्याबद्दल थोडक्यात: अमर्याद सुकं गवत, टिमथी जातीचं मिळालं तर उत्तम, रोज ताज्या पालेभाज्या, गिनीपिगच्या तयार खाद्याच्या थोड्या गोळ्या, स्वच्छ पाणी. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज अन्नातून मिळावं लागतं. दर किलो वजनामागे दिवसाला १० ते ३० मिलिग्रॅम, गाभण मादीला वरच्या टोकाचं. ढोबळी मिरचीची एक फोड यासाठी फार कामाची. पाण्यात थेंब टाकण्यावर विसंबू नका, पाण्यात हे जीवनसत्त्व लवकर नष्ट होतं. आणि उष्णता: १८ ते २४ अंश सेल्सिअस त्यांना मानवतं, तिशीच्या जवळ गेलं की उष्माघाताचा धोका.

पाचवी पायरी: वीण घ्यायची का, हे आधी ठरवा

हौस म्हणून, मुलांना पिल्लं दाखवायची म्हणून वीण घेऊ नका, असं मी अगदी मनापासून सांगतो. गिनीपिग मादीसाठी बाळंतपण धोक्याचं असतं. पिल्लं आकाराने मोठी असतात आणि त्यांना बाहेर पडण्यासाठी जांघेच्या हाडांचा सांधा सैल होऊन उघडावा लागतो. वय वाढल्यावर पहिल्यांदाच वीण झाली तर तो नीट न उघडण्याचा धोका वाढतो. म्हणून वीण घ्यायचीच असेल तर मादी चार-पाच महिन्यांची आणि साधारण ६५०-७०० ग्रॅमची झाल्यावर नराशी जोडतात, आणि सहा-सात महिन्यांपुढे गेलेल्या, कधीच न व्यालेल्या मादीला जोडत नाहीत. वर्षाची झालेली, छान भोवऱ्यांची मादी मिळाली आणि तिची पिल्लं हवीत असं वाटलं, तर तो विचार सोडून द्या.

आता जोडी. १९०५ मध्ये अमेरिकेत अनुवंशशास्त्रज्ञ विल्यम कॅसल यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भोवऱ्यांचे खडबडीत केस गुळगुळीत केसांवर प्रभावी असल्याचं दाखवलं होतं. म्हणजे खडबडीत केसांच्या जनुकाची एक प्रत मिळाली तरी पिल्लाला भोवरे येतात. मग ॲबिसिनियनला गुळगुळीत केसांच्या गिनीपिगशी जोडलं तर काय बिघडलं? बिघडतं ते दुसऱ्या एका जनुकामुळे. गुळगुळीत केसांच्या बहुतेक गिनीपिगांत हा जनुक असतो आणि तो भोवऱ्यांची संख्या घटवतो. अशा जोडीची पिल्लं दोन-चार भोवरे, अर्धवट कडा घेऊन जन्मतात, आणि ती गडबड पुढच्या कित्येक पिढ्या निस्तरत बसावी लागते. ॲबिसिनियनला ॲबिसिनियनच जोडा. तरीही एखादं गुळगुळीत पिल्लू आलं, तर आई-बाप दोघांतही गुळगुळीत केसांचा जनुक लपलेला आहे हे समजून घ्या.

जोडताना एकाचा दोष दुसऱ्याच्या गुणाने भरून काढायचा असतो. मादीच्या कमरेवरचे भोवरे दूर असतील तर नराचे तिथले जागेवर हवेत. दोघांचे केस मऊ असतील तर ती जोडी नको, भोवरे कितीही रेखीव असोत.

सगळ्यात महत्त्वाचा नियम रोनचा. पांढरे आणि रंगीत केस एकमेकांत मिसळलेले असतात त्या रंगाला रोन म्हणतात. काळ्या-पांढऱ्या मिश्रणाला निळा रोन, लाल-पांढऱ्याला स्ट्रॉबेरी रोन. ॲबिसिनियनमध्ये हे रंग फार लोकप्रिय आहेत आणि दिसतातही अप्रतिम. पण रोनला रोन कधीही जोडू नका. दोघांकडून हा जनुक मिळालेलं पिल्लू पांढरंफटक जन्मतं, डोळे अपुरे वाढलेले किंवा नसलेलेच, दात बिघडलेले. अशी पिल्लं बहुतेकदा जगत नाहीत, आणि जगली तर त्यांचं सगळं आयुष्य शुश्रूषेत जातं. दर चार पिल्लांमागे एकाला ही शक्यता असते. डालमेशियन म्हणजे ठिपक्यांचे गिनीपिगही याच जनुकाचे, तेव्हा रोनला डालमेशियनही जोडायचा नाही. ज्या प्राण्याच्या अंगावर पांढरा रंग खूप आहे त्याच्यात रोन लपून राहू शकतो. आई-बाप माहीत नसतील तर असा प्राणी विणीसाठी वापरूच नका.

रेशमी चकाकीच्या सॅटिन ॲबिसिनियनबद्दलही सांगतो. सॅटिन गिनीपिगांत हाडं ठिसूळ होण्याचा वेदनादायक आजार आढळतो, जबडा दुखून खाणं सुटतं. त्यांची वीण मी घेत नाही आणि कुणाला सुचवतही नाही.

नात्यातली जोडी? १९०६ पासून अमेरिकेच्या कृषी खात्याने गिनीपिगांची भाऊ-बहीण अशी जोडी पिढ्यानपिढ्या लावली होती. कॅसल यांचे विद्यार्थी स्यूअल राइट यांनी त्या नोंदींचा अभ्यास केला. पिल्लांची संख्या, वजन, तग धरण्याची ताकद, सगळ्यांतच एकंदर घट दिसली. जवळच्या नात्यातला संकर किती हे मोजण्याचं राइट यांचं १९२२ मधलं सूत्र आजही वापरतात. घरच्या घरी सूत्र मांडायची गरज नाही. तीन पिढ्यांची वंशावळ वहीत लिहिलेली असली तरी पुष्कळ.

सहावी पायरी: गाभण मादी

मादी साधारण दर १६ दिवसांनी माजावर येते. गाभणकाळ ५९ ते ७२ दिवसांचा, म्हणून जोडी लावल्याची तारीख लिहून ठेवा. फुललेल्या केसांत पोट उशिरा दिसतं. इथेही आठवड्याचं वजनच सांगतं. शेवटी शेवटी पोटातल्या पिल्लांचं ओझं मादीच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतं. या काळात लसूणघासाचं सुकं गवत थोडं वाढवा, कारण तिला कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त लागतात. शेवटचे दोन आठवडे तिला उचलू नका, वजन करायचं तर ती स्वतः चालत जाईल असा खोका काट्यावर ठेवा.

शेवटचे दोन-तीन आठवडे आणि व्याल्यानंतरचा आठवडा यांत गर्भविषबाधा होऊ शकते, विशेषतः लठ्ठ किंवा घाबरलेल्या मादीत. खाणं अचानक बंद, सुस्ती, श्वासाला गोडसर-उग्र वास ही लक्षणं. ही तासांची लढाई असते. डॉक्टरांचा फोन आणि रात्री कुणाकडे जायचं हे आधीच ठरवून ठेवा.

नर वेगळा करा, आणि तो पिल्लं होण्याच्या आधीच. मादी व्याल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते. नर सोबत असला तर दूध पाजता पाजता ती परत गाभण राहते, आणि अशा लागोपाठच्या विणी तिला पोखरून काढतात.

सातवी पायरी: पिल्लं

बाळंतपण बहुधा अर्ध्या-पाऊण तासात उरकतं, पिल्लं काही मिनिटांच्या अंतराने येतात. तुम्ही फक्त लांबून पाहा. मादी वीस मिनिटं जोर लावते आहे आणि पिल्लू येत नाही, किंवा रक्त वाहतं आहे, तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. बहुधा दोन ते चार पिल्लं असतात. एखादं मृत जन्मणं दुर्मीळ नाही. त्याने खचू नका, पण वहीत नोंद करा.

गिनीपिगची पिल्लं डोळे उघडे, दात आलेले, अंगावर पुरते केस अशी जन्मतात. आणि ॲबिसिनियनचे भोवरे त्या क्षणापासून दिसतात! अंग वाळलं की ओल्या कापसासारख्या त्या जीवावर छोटे छोटे गोल उमटतात. पहिल्या दिवशी मोजलेली संख्या आणि जागा आयुष्यभर बदलत नाही, म्हणून प्रत्येक पिल्लाचा कागदावर एक साधा आराखडा काढून भोवरे मांडून ठेवा. कडा मात्र केस वाढतील तशा उभ्या राहतात. महिनाभराच्या पिल्लाची कड अजून मऊ आहे म्हणून त्याला कमी लेखू नका.

मादीला सडं दोनच. चार पिल्लं असली तर ती पाळीपाळीने पितात, आणि एखादं मागे पडतं. रोज वजन करा. पहिल्या दोन दिवसांत थोडं घटलं तरी चालतं, पण तिसऱ्या दिवशीही घसरण चालूच राहिली तर डॉक्टरांना विचारून वरचं दूध सुरू करा. एक-दोन दिवसांतच ती आईबरोबर गवत कुरतडू लागतात, तरी तीन आठवडे दूध हवंच.

एकविसाव्या दिवशी नर पिल्लं आईपासून आणि बहिणींपासून वेगळी करा. माद्या चौथ्या आठवड्यातच माजावर येऊ शकतात, नर पिल्लूही त्याच सुमारास सक्षम होऊ शकतं. वेगळी केलेली नर पिल्लं एकेकटी ठेवू नका. बापाचा स्वभाव शांत असेल तर त्याच्याबरोबर ठेवा, तो त्यांना कळपाच्या रीतीभाती शिकवतो. सहाव्या आठवड्याच्या सुमाराला ती दुसऱ्या घरी जाऊ शकतात, जोडीने. सोबत भोवऱ्यांचा आराखडा, वजनांचा कागद, आई-बापांच्या रंगांची नोंद द्या. रंग रोन असेल तर तसं ठळक अक्षरांत लिहा.